‘ऑल माय फ्रेंड्स’ हाताने : बेसमेंटमधल्या नोंदी

शनिवार, 11 जानेवारी 2025

ठरलं एकदाचं. एलसीडी साउंडसिस्टिम या न्यूयॉर्कच्या बँडच्या ‘साउंड ऑफ सिल्व्हर’ या अल्बममधलं पाचवं गाणं, ‘ऑल माय फ्रेंड्स’, बेसमेंटमध्ये अथपासून इतिपर्यंत वाजवून रेकॉर्ड करायचं. अट एकच, पण अंगाशी येणारी: लूप (एकच तुकडा यंत्राने फिरवत ठेवणं) नाही, क्वांटाइझ (चुकलेला ताल यंत्राने सरळ करणं) नाही, कॉपी-पेस्ट तर नाहीच. गाण्यात एखादी गोष्ट जितक्या वेळा ऐकू येते तितक्या वेळा ती माणसाने वाजवायची. गाण्याची लांबी 7 मिनिटं 37 सेकंद.

खूळ भाचीचं. ती न्यूयॉर्कला साउंडचं शिकते आणि शनिवार-रविवार इकडे येते. “मामा, तू या अल्बमवर नुसता बोलतोस. एकदा वाजवून तरी बघ.” बोलतो हे खरंय. आणि आम्ही राहतो कुठे, तर न्यू जर्सीत, प्रिन्सटन जंक्शनला. या बँडचा कर्ताकरविता जेम्स मर्फी इथलाच. जन्म 1970 चा, शाळा वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो. त्याच्या काळी इथे आजूबाजूला शेतं होती म्हणे. आता शनिवारी दुपारी इंडियन ग्रोसरीबाहेर गाडी लावायला जागा मिळत नाही.

माणसं अशी. पियानो भाची. बास आणि गिटार मी. ड्रम काका. काका नात्याचे नव्हेत, दोन घरं सोडून राहतात, साठी उलटलेली. ऐंशीच्या दशकात मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. शिवाजी मंदिरला सकाळी एक, रात्री एक असे शो मारलेले. ड्रमचा सेट त्यांनी इथे आल्यावर मुलासाठी घेतला होता. मुलगा शिकून सिअ‍ॅटलला गेला, सेट राहिला.

काकांना गाणं ऐकवलं. तीन मिनिटं मान डोलावली, मग विचारलं, “अंतरा कधी येतो?”

येत नाही म्हणालो.

रविवार, 12 जानेवारी

आज वाद्यांना हात न लावता नुसतं ऐकलं. कागदावर नकाशा काढला.

सुरुवातीला फक्त पियानो. एकच आकृती ठोकत बसतो आणि थोडा लटपटतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, दोन रेकॉर्ड एकदम लागल्या की काय. मग ड्रम. मग बास. मिनिटभर उलटून जातं तेव्हा कुठे मर्फी तोंड उघडतो. सूर दोनच, ए आणि डी. बास या दोन घरांत येरझाऱ्या घालतो, पियानो वर जागचा हलत नाही. ब्रिज म्हणजे मधला वेगळा तुकडा नाही, पट्टी चढत नाही, ‘आता मजा येणार’ म्हणून ड्रम थांबवायची ती नेहमीची युक्तीसुद्धा नाही. पुढे गिटार येते, कीबोर्डची धार येते, आवाज मोठा होत जातो. बस. आणि तरी शेवटाला पोचेपर्यंत अंगावर काटा येतो.

तो काटा येतो कुठून, हे शोधायचं आहे. माझा अंदाज आधीच लिहून ठेवतो: हे सगळं मशीनने वाजवलं असतं तर दोन मिनिटांत कंटाळा आला असता.

बाकीचा अल्बमही ओळीने ऐकून घेतला. नऊ गाणी, 56 मिनिटांना जरा कमी. ‘गेट इनॉक्युअस!’ने उघडतो: यंत्रासारखा ठेका, खाली क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडची आठवण करून देणारा कीबोर्ड, वर बँडमधल्या नॅन्सी व्हँगचा थंड आवाज. पहिलं गाणं म्हणून याहून नेमकं काही सुचणार नाही. ‘वॉच द टेप्स’ मला कधीच पटलं नाही, भरतीचं वाटतं. भाची म्हणते सगळ्याच गाण्यांनी रडवायला हवं असं थोडंच आहे. असेल.

शनिवार, 18 जानेवारी

बेसमेंट लावलं. छत खाली, जमिनीवर जुनी सतरंजी, एका कोपऱ्यात घर गरम करणारी फर्नेस आणि दुसऱ्यात सम्प पंप, म्हणजे तळघरात झिरपलेलं पाणी उपसणारा पंप. दोघंही माइकमध्ये येतात. फर्नेस बंद करून रेकॉर्ड करायचं म्हणजे साधारण वीस मिनिटांत हात गार. पंपाचं काही करता येत नाही, पाणी चढलं की तो लागणारच.

ड्रमचा आवाज सुका हवा. या अल्बमवर ड्रमभोवती खोलीची गुंज जवळजवळ ऐकूच येत नाही, ठोका कानाला लागतो आणि विझतो. काकांचा स्नेअर, म्हणजे खणखणीत वाजणारा छोटा ड्रम, मात्र गावभर ऐकू जाईल असा. त्यांनी घरून पंचा आणला, चौघडी करून स्नेअरवर टाकला, किकच्या, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या, पोटात उशी कोंबली. एक माइक किकला, एक स्नेअरला, एक डोक्यावर. बाकीचे काढून टाकले. लगेच जमलं.

मर्फी मुळात साउंडवाला, हे विसरून चालत नाही. बँड नावारूपाला येण्याआधी तो सिक्स फिंगर सॅटेलाइट या बँडचा लाइव्ह साउंड करायचा. डेव्हिड होम्सच्या एका अल्बमचं काम न्यूयॉर्कला चाललं होतं, तिथे त्याची टिम गोल्ड्सवर्दीशी गाठ पडली. त्या दोघांनी आणि जोनाथन गॉल्किनने 2001 साली डीएफए हे रेकॉर्ड लेबल काढलं. म्हणजे रॉक बँडचा ड्रम आणि डान्स क्लबचा ठेका एकाच टेबलावर आणणारा माणूस आधी माइक कुठे ठेवायचा हे शिकलेला होता. अल्बमवरची बहुतेक वाद्यंही तो स्वतःच वाजवतो. ड्रमला पॅट माहोनी, बासला टायलर पोप, कीबोर्डला नॅन्सी व्हँग ही मंडळी लागेल तशी येतात.

काकांना हे सांगितल्यावर त्यांचा मर्फीबद्दलचा आदर एकदम वाढला. “साउंडवाला आहे होय? मग बरोबर. आमच्या वेळी साउंडवाला रुसला की शो पडायचा.”

शनिवार, 25 जानेवारी

भाचीचा पहिला पूर्ण प्रयत्न. चौथ्या मिनिटाला थांबली. “मामा, माझा हात गेला.”

हिशेब केला. मिनिटाला 140 ठोके धरले आणि ठोक्याला दोन आघात, तर साडेसात मिनिटांत 2100 आघात होतात. तेही एकसारख्या जोराचे. ती आठ वर्षं वेस्टर्न क्लासिकल शिकलेली, बोटं तयार आहेत, पण क्लासिकलमध्ये अशी सलग हमाली सहसा करावी लागत नाही. दुखतं ते बोटांत नाही, कोपराच्या खाली.

खुर्ची खाली केली. मनगट सैल, वजन खांद्यातून सोडायचं. आकृती दोन हातांत वाटून घेतली. पाच मिनिटांपर्यंत गेली.

दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला. ती फार नीटनेटकं वाजवते. ऐकायला छान, आणि नेमकं म्हणूनच या गाण्याला निरुपयोगी. मुद्दाम वाकडं वाजवायला सांगितलं तर ते मुद्दाम केलेलं कळतं.

रविवार, 2 फेब्रुवारी

क्लिक ट्रॅक, म्हणजे ताल धरायला हेडफोनमध्ये वाजणारी टिकटिक, काढून टाकला. इथून पुढे क्लिक नाही.

झालं असं की भाचीला हेडफोनमध्ये क्लिक दिला की ती त्याला चिकटून बसते, आणि काका क्लिकवर वाजवायला लागले की ठेक्यातला जीव जातो. काकांचं म्हणणं सरळ आहे: “टिकटिक कोणाला ऐकवायची आहे? पोरगी वाजवेल तिच्या मागे मी जातो.” म्हणजे उलटा कारभार. पियानो आपल्या मर्जीने सुरू होतो, एकटाच, त्याला कोणी धरायला नाही. मग ड्रम येऊन त्याला पकडतात.

आणि तो लटपटणारा भाग आपोआप आला! एकटी असताना ती किंचित धावते, किंचित थांबते; ड्रम आल्यावर दोन-चार मात्रांत दोघं एकमेकांना सापडतात. मूळ गाण्यात ड्रम आल्यावर जो हुश्श होतो तो हाच. पियानो बदललेला नसतो, त्याच्या पायाखाली जमीन आलेली असते.

फाइल मोजून पाहिली. सुरुवातीला 139, शेवटाला 144. द्रुतकडे सरकलोय, पण ऐकताना कळत नाही, नुसती धग वाढल्यासारखी वाटते. हे दुरुस्त करायचं नाही.

शनिवार, 8 फेब्रुवारी

आजचा दिवस काकांच्या रोलचा.

ऑर्केस्ट्रातला हात. मुखडा संपला की रोल, अंतरा आला की रोल, गायक श्वास घ्यायला थांबला की टाळ्या मिळवून देणारा रोल. इथे अंतराच नाही, तरी हात उठतो. दर सोळा मात्रांनी त्यांचा डावा हात टॉम नावाच्या जोडड्रमकडे झेपावायचा आणि मी मान हलवली की परत यायचा. शेवटी त्यांनीच उठून दोन्ही टॉम काढून ठेवले. म्हणाले, “समोर ताट ठेवायचं आणि जेवू नको म्हणायचं, हे मला जमणार नाही.”

टॉम गेल्यावर त्यांची सगळी करामत हाय-हॅटमध्ये, म्हणजे पायाने उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीत, उतरली. पायाने झाकण किती दाबायचं, काठी कडेला मारायची की पोटावर, एवढ्यातच सात मिनिटं निघतात. तिसऱ्या मिनिटाला हाय-हॅट केसभर उघडतो. पाचव्याला आणखी थोडा. मी समोर बसून पाहिलं म्हणून कळलं. नुसतं ऐकणाऱ्याला ‘गाणं मोठं झालं’ इतकंच वाटेल. टेक संपल्यावर घामाघूम झालेले, फर्नेस बंद असताना.

मग चहा घेताना विचारत होते, काउबेल (काठीने वाजवायची घंटा) कुठेय. बरोबर विचारलं. डीएफएने 2002 साली द रॅप्चर या बँडचं ‘हाउस ऑफ जेलस लव्हर्स’ काढलं, तेव्हापासून त्या कंपूची ओळखच काउबेल झाली होती. या गाण्यात ती नको. याच अल्बममधलं ‘अस व्हर्सेस देम’ वाजवू तेव्हा त्यांना मनसोक्त वाजवू देईन, ते गाणं साडेआठ मिनिटांचं आहे.

शनिवार, 15 फेब्रुवारी

काका नाहीत, गुडघा धरलाय. भाचीबरोबर अल्बममधलं चौथं गाणं ‘समवन ग्रेट’ उलगडून बघितलं.

याचं संगीत अल्बमच्या आधीच बाहेर आलं होतं. नायकेने धावणाऱ्यांसाठी सलग वाजेल असा एक तुकडा मागवला होता. मर्फीने ‘45:33’ नावाचा तुकडा करून दिला, ऑक्टोबर 2006 मध्ये आयट्यून्सवर आला. नाव 45 मिनिटं 33 सेकंदांचं, प्रत्यक्षात तो त्याहून थोडा लांब. धावण्याच्या वेगाचे चढउतार वगैरे त्याने तेव्हा सांगितले होते. पुढे कबूल केलं की आपण जॉगिंग करतच नाही, मॅन्युएल गॉट्शिंग या जर्मन संगीतकाराच्या ‘ई2-ई4’सारखं काहीतरी लांबलचक करायची हौस होती आणि आयती संधी आली. ‘ई2-ई4’ म्हणजे 1981 च्या डिसेंबरमध्ये बर्लिनला एका बैठकीत वाजवलेला जवळपास तासभराचा तुकडा, तोही दोन सुरावटींवर झुलणारा. दोन घरांत राहून वेळ काढायची ही विद्या मर्फीने कुठून उचलली, त्याचा हा एक धागा.

तर बुटांच्या जाहिरातीसाठी केलेल्या त्या संगीताच्या एका भागावर पुढे शब्द चढले, आणि ते शब्द कोणीतरी गेल्याच्या सकाळचे. फोन येतो. बाहेर हवा छान पडलेली असते, पाऊससुद्धा नसतो. कॉफी नेहमीसारखीच लागते. अल्बम अर्पण केला आहे डॉ. जॉर्ज केमेन यांना. ते मर्फीचे थेरपिस्ट, 2006 मध्ये गेले. गाण्यात नाव कोणाचंच नाही. प्रेयसी गेली असंही ऐकता येतं, आणि बरेच जण तसंच ऐकतात.

गाताना त्याच्या सुराबरोबर एक ग्लॉकेनश्पील, म्हणजे धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, चालतं, शब्दाशब्दाला, लहान मुलाच्या खेळण्यासारखा आवाज. भाचीने ते कीबोर्डवर वाजवून दाखवलं. आवाज गाळून नुसतं तेवढंच ऐकलं तर एखादं अंगाईगीत वाटेल. यावर दोघंही बराच वेळ काही बोललो नाही. मग तिला ट्रेन होती.

रविवार, 23 फेब्रुवारी

भाचीने स्वयंपाकघरातून अल्युमिनियम फॉइलचा रोल आणला. कारण अल्बमच्या नावामागची हकिगत तिला सांगितली होती. रेकॉर्डिंगचा बराच भाग मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थ ब्रुकफील्ड गावी, लाँग व्ह्यू फार्म या स्टुडिओत झाला. शेतावरचं जुनं लाकडी घर. 1981 च्या दौऱ्याआधी रोलिंग स्टोन्सने तालमी केल्या ते हेच. मर्फीने आतल्या भिंती चंदेरी कापडाने आणि फॉइलने झाकून टाकल्या. लाकडी तपकिरी खोलीत एका प्रकारचं संगीत सुचतं आणि चंदेरी खोलीत दुसऱ्या, असा त्याचा विश्वास.

फॉइल आवाज शोषत नाही, उलट परतवते, त्यामुळे साउंडच्या दृष्टीने आमच्या बेसमेंटला तिचा काडीचा उपयोग नव्हता. तरी तिने पियानोमागची भिंत झाकलीच. काकांनी आत येताच विचारलं, “डबे भरताय का?”

आजचा टेक आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस आला. फॉइलमुळे नाही. पोरीचा हात आता सहा मिनिटं सहज टिकतो.

शनिवार, 1 मार्च

पहिला पूर्ण टेक. पियानो आणि ड्रम एकदम, अखंड. सहाव्या मिनिटाला सम्प पंप लागला आणि तो टेकमध्ये आहे. ठेवला. ए आणि डीच्या गदारोळात तो कुठला तरी तिसरा सूर लावून बसतो, वाईट वाटत नाही.

मग बास चढवला. दोन सूर, त्यामुळे निवांत काम असं वाटलं होतं. सूर कमी असले की प्रत्येक सुराची लांबी उघडी पडते. ए किती धरायचा आणि डीवर किती उशिरा उतरायचं, यातच सगळं आलं. ड्रमच्या किंचित मागे राहिलो की गाणं गुबगुबीत होतं, पुढे गेलो की घाई. पहिली चार मिनिटं मागे राहायचं आणि मग हळूच बरोबरीला यायचं, असं ठरवून वाजवलं. शेवटी उजव्या हाताची दोन बोटं सोलवटली.

गिटार उद्या.

रविवार, 2 मार्च

गिटार झाली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, येते आणि कडकड करते.

काकांना जॉन केलचा किस्सा सांगितला, कारण तो मला फार आवडतो. ‘ऑल माय फ्रेंड्स’ सिंगल म्हणून निघालं तेव्हा बी-साइडला याच गाण्याची दोन रूपं होती: एक स्कॉटलंडच्या फ्रान्झ फर्डिनांड या बँडचं, दुसरं जॉन केलचं. केल म्हणजे व्हेल्व्हेट अंडरग्राउंडवाला. त्या बँडच्या 1967 च्या पहिल्या अल्बमवर ‘आय’म वेटिंग फॉर द मॅन’मध्ये जो पियानो ठणाठणा ठोकलेला ऐकू येतो, तो केलचाच. म्हणजे न्यूयॉर्कच्या रॉकमध्ये पियानोचा असा हातोडा करणारा माणूस, आणि चाळीस वर्षांनी त्याच जातीचं गाणं तो उसनं घेऊन गातो. त्याच्याही आधी, सप्टेंबर 1963 मध्ये, संगीतकार जॉन केजने न्यूयॉर्कला साती या फ्रेंच संगीतकाराचा एक छोटा तुकडा 840 वेळा वाजवायचा कार्यक्रम केला होता. पियानोवादक आळीपाळीने बसत होते, अठरा तासांच्या वर चाललं. त्या वादकांत हा केल होता. त्याच्यापुढे आमच्या 2100 आघातांचं कौतुक ते काय.

काकांना वेगळंच आठवलं. ते किराण्याचे भक्त, सवाईच्या रात्री जागवलेले. न्यूयॉर्कच्या या मंडळींमध्ये पंडित प्राणनाथ होते ना? होते. किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य. 1970 च्या सुमारास न्यूयॉर्कला आले, अमेरिकन संगीतकार ला माँट यंग आणि टेरी रायली त्यांचे शागीर्द. केल यंगबरोबर वाजवायचा. पण तो 1965 लाच तिथून बाहेर पडला होता, प्राणनाथ यायच्या आधी. तेव्हा ओढूनताणून नातं लावायला नको, असं मी म्हणालो. काका म्हणाले, “नातं नसू दे. षड्जावर बसून राहायची हिंमत लागते, तेवढंच म्हणतोय.”

हे मात्र मान्य.

शनिवार, 8 मार्च

गाणार कोण?

माझा आवाज नको, हे एकमताने ठरलं. भाचीचा आवाज चांगला आहे, गाऊनही बघितलं, पण ती वीस वर्षांची. हे गाणं मर्फीने पस्तिशी ओलांडल्यावर केलं आणि आत सगळा तोच मामला आहे: उमेदीची वर्षं कामाला जुंपण्यात गेली, मग दौरे, परगावच्या रात्री, आणि आता जुनी मंडळी आहेत कुठे? विसाव्या वर्षी ते नुसतं सुंदर ऐकू येतं. तिनेच ठरवलं: काका गाणार.

काकांनी आढेवेढे घेतले, इंग्रजीचं कारण सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. मग शब्द मागवले. देवनागरीत लिहून दिले.

मर्फीची गायकी मुद्दाम ऐकली पाहिजे. सुरुवातीला तो गातच नाही म्हणा, सपाट बोलतो, सुराच्या जरा खालीच. जसजसा पियानो मागे लागतो तसतसा आवाज वर रेटत जातो आणि शेवटच्या मिनिटात गळा ताणून ओरडतो, तेही फाटायच्या बेताला. ही चढण त्याने एका जागी न घेता सात मिनिटांवर पसरली आहे. ड्रमच्या हाय-हॅटचं जे, तेच गळ्याचं.

शनिवार, 15 मार्च

काकांचा आवाज रेकॉर्ड केला. दादरचं इंग्रजी, ‘व्ह’ आणि ‘व’ एकच, शब्दांवरचे आघात आपल्या पद्धतीचे. पहिल्या कडव्यात हसू आलं, दुसऱ्यात गेलं. त्यांनी मर्फीची नक्कल केली नाही, हे बरं. शेवटच्या भागात आपले मित्र आज रात्री कुठे आहेत असं परत परत विचारायचं असतं. ते म्हणताना डोळे मिटून घेतले होते. त्यांच्या ऑर्केस्ट्रातला सॅक्सोफोनवाला, गिटारवाला, अनाउन्सर… नंतर एकेकाची माहिती देत होते. कोण वसईला, कोण दुबईला, कोण गेलाच. मी माइक बंद करायचं विसरलो नव्हतो, मुद्दाम चालू ठेवला. ती फाइल वेगळी ठेवली आहे, गाण्यात घालणार नाही.

शेवटची ओरड मात्र त्यांना एका दमात जमेना. “गळा बसला तर पाडव्याला आरती कोण म्हणणार?” पुढच्या आठवड्यावर टाकलं.

गुरुवार, 20 मार्च

अल्बम अमेरिकेत आला तो आजच्याच तारखेला, 2007 मध्ये. इंग्लंडात आठवडाभर आधी. त्या वेळी अमेरिकेतल्या खपाच्या बिलबोर्ड यादीत 46 व्या क्रमांकापर्यंतच गेला होता. ग्रॅमीला नामांकन मिळालं, बक्षीस केमिकल ब्रदर्सनी नेलं. दशक संपताना पिचफोर्क या संगीताच्या वेबसाइटने दशकातल्या उत्तम गाण्यांची यादी काढली, त्यात ‘ऑल माय फ्रेंड्स’ दुसरं. पहिल्या क्रमांकाचा मान बिलबोर्डने या बँडला 2017 मध्ये दिला, ‘अमेरिकन ड्रीम’ला. तो अल्बम वाईट नाही, पण माझ्या लेखी याच्या जवळपासही नाही.

ऑफिसातून येताना गाडीत याच अल्बममधलं ‘नॉर्थ अमेरिकन स्कम’ लावलं. युरोपातले लोक अमेरिकन म्हटल्यावर कसं नाक मुरडतात, यावरची थट्टा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्याकडे भारतीय पासपोर्ट होता आणि हे यांच्या घरातलं भांडण म्हणून हसलो होतो. आता अमेरिकन पासपोर्ट आहे, तर ती नाकं मलाही मुरडली जातात. गाणं तेच.

रविवार, 23 मार्च

शेवटची ओरड झाली. काकांनी उभं राहून, फर्नेसला टेकून गायलं. आवाज फाटला, तिथेच ठेवला.

भाची ट्रेनने परत गेली. ही ट्रेन मला या सगळ्या प्रकरणात फार गमतीची वाटते. प्रिन्सटन जंक्शनहून बसलं की तासा-सव्वा तासात न्यूयॉर्कचं पेन स्टेशन. पेन स्टेशनच्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन. 2 एप्रिल 2011 ला एलसीडी साउंडसिस्टिमने बँड मोडतो म्हणून निरोपाचा कार्यक्रम केला तो तिथे, तीन तासांच्या वर चालला होता. म्हणजे गावातल्या पोराने याच रुळाच्या दुसऱ्या टोकाला, अगदी स्टेशनच्या माथ्यावर जाऊन रामराम घेतला. शेवटचं गाणं या अल्बमचंच शेवटचं, ‘न्यूयॉर्क, आय लव्ह यू बट यू’आर ब्रिंगिंग मी डाउन’, वरून पांढरे फुगे सोडलेले. त्या गाण्यात एका अब्जाधीश महापौराला चिमटा आहे. भाचीने विचारलं तो कोण. मायकेल ब्लूमबर्ग, 2002 ते 2013. तिला फक्त निवडणुकीतला ब्लूमबर्ग माहीत.

पाच वर्षांनी बँड परत आला, 2016 मध्ये. निरोपाला रडलेल्या काही लोकांनी तेव्हा राग धरला. मी धरला नाही. नाट्यसंगीतातले निरोपाचे शेवटचे प्रयोग ज्याने पाहिलेत, त्याला याचं काही वाटत नाही.

शनिवार, 29 मार्च

मिक्सिंग. उद्या पाडवा, वर श्रीखंडासाठी चक्का टांगलाय आणि खाली मी हेडफोन घालून.

पियानो मध्यभागी, कोरडा, वर काही नाही. कॉम्प्रेसर लावून पाहिला तर सगळे आघात एका उंचीचे झाले आणि गाणं मेलं, काढला. ड्रम पियानोच्या किंचित मागे. गिटार दोन बाजूंना. काकांचा आवाज पहिल्या चार मिनिटांत मुद्दाम कमी ठेवला आहे, पियानोतून वाट काढत यावा इतका. शेवटी मात्र पुढे. आवाजाची पट्टी हाताने हळूहळू चढवली, गाणं सुरू झाल्यापासून संपेपर्यंत. त्यातही कॉपी-पेस्ट नको म्हणून.

प्रयोग म्हणून भाचीने शेजारी दुसरी फाइल केली. आमच्याच टेकमधल्या पियानोच्या चांगल्या चार मात्रा कापल्या आणि गाणंभर चिकटवल्या, ड्रमचंही तसंच. वरचं सगळं तेच. दोन्ही पाठोपाठ लावली. चिकटवलेली फाइल पहिलं मिनिट जास्त बरी वाटते, स्वच्छ. तिसऱ्या मिनिटाला मी फोनकडे पाहिलं. हाताच्या फाइलमध्ये तिसऱ्या मिनिटाला हाय-हॅट केसभर उघडतो, पोरीचा डावा हात दमायला लागलेला असतो आणि ती तो सावरत असते. सावरणं ऐकू येतं. मूळ गाण्यातही मला तेच ऐकू येतं, मर्फी कुठे दमला आणि कुठे हट्टाला पेटला.

रविवार, 30 मार्च

गुढी उभारली, आरती झाली, काकांचा गळा शाबूत. जेवणानंतर सगळ्यांना खाली नेऊन ऐकवलं. काकू पूर्ण साडेसात मिनिटं उभ्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, “आहेत बाई दमाचे.” कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. माझ्या बायकोने मधे घुमतंय ते काय म्हणून विचारलं. पंप.

फाइल सिअ‍ॅटलला काकांच्या मुलाला पाठवली.

पुढचं: ‘समवन ग्रेट’. भाची कॉलेजातून ग्लॉकेनश्पील उसनं आणते का विचारते आहे, नाहीतर जुनं कुठे मिळतं ते बघायचं. ड्रमवरचा पंचा धुवायला टाकायचा. काकांनी टॉम परत लावले आहेत, ते ‘अस व्हर्सेस देम’च्या दिवसापर्यंत तसेच राहू द्यावेत.